कडी न घातलेलं दार

आधीच सांगून ठेवते — भूत, करणी, उतारा, लिंबू-मिरची या सगळ्याशी माझं जन्माचं वाकडं. पूर्णा गावातल्या एका गोदामात मी डिस्पॅच सुपरवायझर आहे. कंटेनरचे ड्रायव्हर आणि लोडिंगची माणसं यांच्याशी दिवसभर घसा फोडायचा, हे माझं काम. रात्रपाळीतलं कोणी येऊन "मॅडम, मागच्या रॅकपाशी एक बाई उभी असते" म्हणालं, तर मी म्हणते, "नुसती उभी असते ना? मग तिला लोडिंगला घ्या." या पेजवरचे अनुभवसुद्धा मी जेवणाच्या सुट्टीत हसायला म्हणून वाचायचे. राग मानू नका, जे आहे ते सांगतेय.

आता तीच मी लिहायला बसलेय. गेल्या वर्षी आमच्या घरी भरदुपारी जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यात माझा समोरचा दात गेलाय, आणि अजून मला ते कुठेच बसवता येत नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. "तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता?" हा प्रश्न कृपया कमेंटमध्ये नको... आयुष्यभर त्याचं उत्तर देऊन जबडा दुखलाय. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. खारबावच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, पुढे ओटा. आजूबाजूला आगरी वस्ती, रस्त्यापलीकडे पॉवरलूमची शेड. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ एलिजा — आमचा एलू. पप्पा गेल्या वर्षी उन्हाळ्यात वारले.

आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे किप्पूर. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत कडक उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पांढरे कपडे घालायचे, प्रार्थना करायची, वर्षभरात जे चुकलं त्याची माफी मागायची. आमचे जुने लोक याला दारफाळणीचा सण म्हणतात, कारण त्या दिवशी दार बंद करून घरात बसायचं. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, त्याला शिवायचंही नाही. आता बहुतेक सगळे ठाण्याला सिनेगॉगमध्ये जातात. पण पप्पा हट्टी होते, ते शेवटपर्यंत घरीच, जुन्या पद्धतीने करत राहिले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. किप्पूरच्या आदल्या दिवशी घरातली गेलेली माणसं घरी येतात आणि किप्पूर झाल्यावर, शिळ्या सणाला, परत जातात अशी आमच्यात जुनी समजूत आहे. म्हणून आमच्या घराण्यात किप्पूरभर दार लावतात, पण कडी घालत नाहीत. आलेल्याला स्वतःच्याच घराचं दार ठोठावायला लागू नये म्हणून. आता बिनकडीचं दार लोटून कुत्रं येणार, गाय शिरणार, नाहीतर "आहे का कोणी?" करत एखादा कुरिअरवाला येणार. म्हणून बाहेर ओट्यावर कोणीतरी बसायला लागतं. ते काम बाळाराम काकांचं.

बाळाराम काका आमचे शेजारी. आगरी, मिशीवाले, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. पप्पा त्यांना बाळ्या म्हणायचे, ते पप्पांना बेंज्या. गावदेवीच्या जत्रेला काकांचं अख्खं घर पालखीमागे जायचं तेव्हा त्यांच्या म्हशी पप्पा सांभाळायचे, आणि किप्पूरला काका आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. सोबत एक जुना रेडिओ, आत प्रार्थना चालू म्हणून त्याचा आवाज अगदी बारीक. दिवसभर तेही पाणी प्यायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "आत बेंज्या तानेला बसलाय, आन् मी हितं थंडा पिऊ काय?" एरवी हा माणूस आमच्या फ्रिजमध्ये हात घालून हवं ते काढून खायचा. पण किप्पूरच्या दिवशी त्यांनी उंबरा कधी ओलांडला नाही, आणि पप्पांनीही कधी आत बोलावलं नाही. नियम तो नियम. मला लहानपणी याचा फार राग यायचा.

पप्पा गेल्यावर एक नवीन डोकेदुखी सुरू झाली. आमच्या मागच्या शेतात गोदाम उभं राहत होतं आणि कंटेनर आत वळवायला आमचं घर आडवं येत होतं. पप्पा होते तोवर गोदामवाली पार्टी घर विका म्हणून गोड बोलायची. नंतर भाषा बदलली. एकदा एलूच्या बाईकची सीट फाडली. एकदा सकाळी दारात मेलेलं कुत्रं. पोलीस येऊन त्यांना समज देऊन गेले, पण एलूचं डोकं काही थंड होईना. तो गॅरेजमध्ये काम करतो, अंगाने दांडगा आणि स्वभावाने पेट्रोल. त्याने कोयता आणून कपाटाच्या मागे ठेवला होता. मला रात्री झोप लागायची नाही, ती त्या गुंडांच्या भीतीने नाही, याच्या भीतीने.

किप्पूरच्या संध्याकाळी मी आईशी कडाकडा भांडले.

"आई, या वर्षी कडी घालू. काय दिवस आहेत बघतेयस ना."

"पप्पांचं पहिलं वर्ष आहे," आई म्हणाली. "ते काय बाहेर उभे राहतील?"

"मेलेल्या माणसाला कडीचं काय गं? भिंतीतून येतील की!"

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर टेकत टेकत ती आली, आणि दारासमोर खुर्ची मांडून तिथेच बसली. म्हणजे माझ्यावर पहारा! शेवटी मी नाद सोडला. मोबाईल बंद करून कपाटात ठेवले, रव्याच्या गोड पुऱ्या झाकून ठेवल्या आणि आम्ही उपास धरला. दाराची कडी लोंबत होती, ती मी झोपताना पाहिली आणि सकाळी उठल्यावरही पाहिली.

दाराबद्दलही सांगते. जुनं सागवानी दार आहे, दोन फळ्यांचं, आत उघडणारं. आतून कडी, आणि बाहेरून ओढून घ्यायला लोखंडाचं जाड कडं. दुसरं दार नाही — मागचं होतं ते बाथरूम बांधताना पप्पांनी विटा लावून बंद केलं. खिडक्यांना लोखंडी ग्रिल.

दुपारची वेळ. ऑक्टोबरचं ऊन, पंखा गरम हवा फेकत होता, माझी जीभ टाळूला चिकटलेली. एलू पप्पांच्या जागी उभा राहून प्रार्थना वाचत होता आणि आई त्याच्या चुका दुरुस्त करत होती. बाहेर रेडिओ बारीक वाजत होता. तेवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला. दारं धाडधाड बंद झाली.

"काय रं? कोन पायजे तुमाला?" काकांचा आवाज.

"बाजूला व्ह म्हाताऱ्या. आज ती लोका दार उघडत न्हाईत, फोन उचलत न्हाईत. समदं ठाव हाय आमाला. सामान भायेर काढाचाय."

"मंग उद्या या. आज सन हाय त्यांचा."

"तुजा हाय काय सन? तू कनाला बसलास हितं?"

"माज्या दोस्ताचा हाय," काका म्हणाले.

पुढे शब्द नव्हते. ओला लाकडी ओंडका फोडल्यासारखा एक आवाज आला, आणि रेडिओ बंद पडला.

मी खिडकीकडे धावले. पाच-सहा जण होते. एकाच्या हातात पहार, दोघांकडे लाकडी दांडे. काका ओट्यावर गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचा अर्धा चेहरा लाल झाला होता. मी जन्मात इतकं रक्त पाहिलं नव्हतं, आणि मी गोदामात फोर्कलिफ्टखाली पाय गेलेला माणूस पाहिलाय. काकांनी खुर्चीचा पाय धरून उठायचा प्रयत्न केला. पहारवाल्याने पुन्हा मारलं, या वेळी खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला. मग दुसऱ्याने त्यांना लाथ घातली आणि काका पायऱ्यांवरून घरंगळत खाली जमिनीवर जाऊन पडले, पालथे. त्यांनी परत हालचाल केली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. त्यानंतर मी जितक्या वेळा बाहेर पाहिलं तितक्या वेळा ते तिथेच, पायऱ्यांखाली, पालथे पडलेले होते.

एलूने अंगावरची प्रार्थनेची शाल फेकली, कपाटामागून कोयता काढला आणि दाराकडे झेपावला. आईने त्याचा सदरा धरला, तो टर्रकन फाटला. त्याने दाराची फळी धरून ओढली.

दार उघडलं नाही.

"कडी काढ!" मी ओरडले.

"कडी नाहीच आहे!"

खरंच नव्हती. लोंबत होती, माझ्या डोळ्यांसमोर हलत होती. एलूने कोयता टाकला, दोन्ही हात लावले, भिंतीला पाय टेकवला आणि जीव खाऊन ओढलं. दार तसूभर हललं नाही. आणि त्याच क्षणी बाहेरून पहिला धक्का बसला.

आता विचार करा. दार आत उघडतं. बाहेरून पाच माणसं आत ढकलतायत. आतून माझा रेड्यासारखा भाऊ आतच ओढतोय. सगळे एकाच दिशेला जोर लावतायत, दाराला कडी नाही... आणि दार बंद. फळ्या थरथरत होत्या, वरून चुना पडत होता, पण मधली फट एवढीशीही रुंद होत नव्हती.

"एलू, थांब, बाहेर जाऊ नकोस, तुला मारतील," मी त्याला मागून मिठी मारली. त्याने न बघताच कोपर मागे हाणलं. माझ्या तोंडात काहीतरी तुटलं आणि गरम खारट चव भरली. मी खाली बसले, हातात दात. उपासाच्या दिवशी तोंडात गेलेलं पहिलं काही असेल तर ते माझंच रक्त.

"काका बाहेर आहेत!" एलू रडत ओरडत होता. "ते मरतायत तिथे! पप्पा, सोडा! सोडा ना दार!"

त्याला वाटत होतं की पप्पा आतून दार दाबून धरतायत. खरं सांगू? त्या क्षणी मलाही तेच वाटलं. आणि मला पप्पांचा इतका राग आला की बस. आम्हाला वाचवायला म्हणून स्वतःच्या दोस्ताला बाहेर मरायला सोडलंत? आयुष्यभर त्याला ओट्यावर बसवलंत, आणि आजही?

आई म्हणाली, "रूथ, फोन लाव. जिवासाठी चालतं." मी कपाट उघडलं, मोबाईल सुरू केला. तो सुरू व्हायला जो वेळ लागला तो मी विसरणार नाही. रक्ताळलेली बोटं स्क्रीन ओळखेना. शेवटी पोलिसांना लागला, पत्ता सांगितला, आणि काय बोलले ते मलाच आठवत नाही.

बाहेरच्यांनी आता पहारीने दाराची फळी फोडायला घेतली. घाव बसला की आत ढलपे उडत होते. एक ढलपी आईच्या कपाळाला लागली, तिच्या पांढऱ्या साडीवर रक्ताचा ओघळ आला, तरी तिची प्रार्थना चालूच. एलू वेड्यासारखा झाला होता. त्याने आतून त्याच फळीवर कोयत्याचे घाव घालायला सुरुवात केली. दोन्हीकडून एकाच दाराला तोडतायत! एवढ्यात कडीच्या बाजूला फळीत भोक पडलं आणि त्यातून एक हात आत आला. टी-शर्टची निळी बाही, मनगटात लाल धागे. तो हात चाचपडत वर सरकला, कडी काढायला. आणि त्याला लोंबणारी कडी लागली.

हात थांबला. बोटांनी कडी दोनदा हलवून पाहिली.

"आयला..." बाहेरून आवाज आला. "कडी लावलेलीच न्हाय!"

"काय?"

"कडी न्हाय लावलेली! उघडं हाय दार!"

भोकातून मला त्या माणसाच्या तोंडाची एक बाजू दिसत होती. दार उघडं आहे हे कळल्यावर माणूस दाराकडे बघेल ना? तो मान वळवून मागे बघत होता. स्वतःच्या पाठीमागे.

एलूने कोयता घातला.

तो हाताच्या मधोमध बसला. त्या किंकाळीने माझे कान बधिर झाले. हात खेचला गेला, भोकाच्या कडा लाल झाल्या. बाहेर शिव्या, धावपळ, मग सगळ्यांनी मिळून दाराला शेवटचा धक्का दिला. इतका जोराचा की चौकटीवरच्या भिंतीला तडा गेला. तडा अजून आहे, मी त्यावर रंग लावू दिलेला नाही. दार मात्र तसंच.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या शेडमधून शिफ्ट सुटलेले कामगार बाहेर आले. "अरे बुड्ढे को मार डाला! पकड़ो सालों को!" म्हणत ते धावले. लूमवर काम करणारी माणसं ती, हातात येईल ते घेऊन आली. गुंड गाडीत बसून पळाले, एक जण मागे राहिला त्याला कामगारांनी असा धुतला की पोलिसांना त्याला उचलून न्यावं लागलं.

आता तरी दार उघडेल, नाही का? नाही उघडलं.

"भाई, अंदर से खोलो, चाचा का खून बह रहा है!" कोणीतरी ओरडलं.

"खुला है!" एलू आतून दारावर डोकं आपटत होता. "धक्का मारो, खुला है!"

त्यांनी मारला. काही झालं नाही. त्यांना वाटलं, घाबरून आम्ही उघडत नाही. एकाने जाताना आमच्या दारावर थुंकल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी काकांना शेडच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. टेम्पो निघाला तेव्हा एलू खिडकीच्या ग्रिलला धरून लहान मुलासारखा हमसून रडत होता. पोलीस आले, त्यांनी खिडकीतून आमचं ऐकून घेतलं. हवालदाराने स्वतः दार लोटून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "ताई, घाबरलात ते समजतो मी. पण खोटं कशाला बोलता?"

संध्याकाळ झाली. आईने प्रार्थना पूर्ण केली. खिडकीतून चांदण्या दिसायला लागल्या. सुतार बोलावलेला होता, तो यायच्या आत आई वॉकर टेकत दारापाशी गेली आणि तिने फळी ओढली, एका हाताने. दार उघडलं. रोज उघडतं तसं, किंचित करकरत.

आम्ही कोणी उपास सोडला नाही. हवालदार एलूला घेऊन गेला — हातावर कोयता घातला होता त्याने, ती केस अजून चालू आहे. मी तोंडावर ओढणी दाबून थेट दवाखान्यात गेले.

काका शुद्धीवर नव्हते. डोक्याला टाके, खांदा मोडलेला, डावा डोळा गेलाच असं डॉक्टर म्हणाले. जगतील की नाही ते सांगेनात. काकी बाकावर बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्याचा मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी तिथेच जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आल्या. "यांच्या उजव्या हाताला काय झालं होतं?" त्यांनी काकीला विचारलं. "दुपारपासून मूठ अशी आवळलेली की आम्हा दोघींना मिळूनही उघडेना. सलाईन लावायची पंचाईत. आत्ता संध्याकाळी आपोआप सुटली, तर तळवा सगळा सोललेला."

मी आत जाऊन पाहिलं. तळहातावर आणि चारही बोटांच्या पेरांवर कातडं निघालं होतं, मांस दिसत होतं, आणि कडेला तांबूस गंज चिकटला होता. जाड लोखंड धरून कोणी दिवसभर ओढावं, तशी जखम. मी पुन्हा सांगते, काका पहिल्या दोन-चार तडाख्यांतच पायऱ्यांखाली पडले होते. ओट्यावर नव्हते. दारापाशी नव्हते. कामगारांनी त्यांना जिथून उचललं तिथे मातीत रक्ताचं थारोळं होतं, दारापासून चांगलं लांब.

काका वाचले. पण बोलायला लागायला बरेच दिवस गेले. त्याच सुमारास एलू जामिनावर सुटला, तो घरी न येता थेट दवाखान्यात गेला, मी आईला रिक्षाने घेऊन गेले. एलूने काकांचे पाय धरले. किप्पूरला देवाची माफी मागतात, पण माणसाचं केलेलं देव माफ करत नाही, ते त्या माणसाकडेच मागायला लागतं. एवढं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

"काका, मी दार उघडलं नाही," एलू म्हणाला. "खूप ओढलं. पप्पांनी आतून धरलं होतं."

काका एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिले. "आतून?" ते म्हणाले. "खुळ्या, मी धरलं व्हतं. भायेरून. कड्याला लटकलो व्हतो मी."

एलू पाय सोडून मागे सरला.

"तुजा बापूस तर उघडत व्हता," काका म्हणाले. "पयला फटका बसला ना, तवाच दार इतकुसं उघडलं. बेंज्या उभा. पांढरे कपडे. मना बोलला, बाळ्या, आत ये. हात धरला माजा." त्यांचा आवाज फुटला. "उभा जन्म गेला, या दिसाला मना कदी आत बोलावला न्हाय त्यानं. न्हाय बोलावला कदी."

आई एकदम वॉकर आपटून ओरडली, "आता सुचलं होय त्यांना! मेल्यावर!" आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. पप्पा गेले त्या दिवशीसुद्धा मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं. काकी उठून तिच्याजवळ गेली आणि तिला धरून बसली.

आता तुम्ही म्हणाल, मार लागल्यावर माणसाला भास होतात. कबूल. डॉक्टरही तेच म्हणाले. दार पावसाने फुगलं असेल? मग आईने एका हाताने कसं उघडलं, आणि सुताराने तपासून ते व्यवस्थित आहे असं का सांगितलं? पहारीच्या घावांनी चौकट अडकली असेल? पहिला घाव बसायच्या आधीच एलूकडून ते उघडत नव्हतं. काकांनी ओट्यावर पडताना कड्याला हात घातला असेल, त्यात सोललं असेल? असेल. तेही मी मानायला तयार आहे. पण मी त्यांना पायऱ्यांखाली पडलेलं पाहिलंय, पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि तेव्हा पाच माणसं दाराला भिडलेली होती. गोदामात कोणी अशी गोष्ट सांगितली असती तर मी त्याला सुट्टी देऊन घरी पाठवलं असतं.

ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने जरूर लिहा, फक्त "पप्पांचा आत्मा" एवढ्यावर मला गुंडाळू नका. कारण पप्पा दार उघडत होते, हे तुम्ही विसरताय.

एक गोष्ट बरेच दिवस मनात होती, ती मी मध्यंतरी काकांना विचारलीच. ते ओट्यावर बसले होते, चहा बशीत ओतून पीत होते. म्हटलं, "काका, पप्पांनी बोलावलं, हात धरला, दार उघडलं. तुम्ही आत का नाही गेलात? वाचला असता डोळा."

काकांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच साध्या गोष्टी कळत नाहीत.

"मी आत गेलो असतो गो रूती," ते म्हणाले, "तर भायेर कोन बसला असता?"